माघारचा दोरा

1975 च्या आसपास बेळगावच्या खडेबाजारात शालिनीबाईंच्या शिलाईच्या दुकानाचं नाव होतं. त्यांच्या हातचा ब्लाउज अंगावर बसला नाही म्हणून परत आल्याचं कुणाला आठवत नसे. भरतकाम म्हणाल तर साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका, लेझी-डेझी, सगळं हातात बसलेलं. रुखवतात मांडायचे मोर तर त्या अशा झपाट्यानं भरत की एका लग्नसराईत दुकानातून किती मोर बाहेर पडले याचा हिशेब त्यांनाही लागत नसे.

गल्लीत त्यांची आणखी एक ओळख होती. देत्या हाताची बाई. मंगळवारी दुपारी दुकानाच्या माडीवर त्या गरिबाघरच्या मुलींना फुकट शिवण शिकवत. शिकून तयार झालेल्या दोघींना त्यांनी पदरच्या पैशानं नवी मशीनं घेऊन दिली होती, तिसरं महिला मंडळाला. त्या वेळी हारतुरे झाले, फोटो निघाला, तो गल्ल्याच्या वर टांगला गेला. माणसानं दान करावं आणि त्याचा फोटोही लावावा, यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्या फोटोकडं शालिनीबाई स्वतः मान वर करून बघत नसत, हे बटणं लावायला बसणाऱ्या पोरीच्याही लक्षात आलं होतं.

श्रावणात शहापूरच्या देसाईकाकू काळी इरकल घेऊन आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या इळकलच्या मागावरची, अंग सुती, काठ रुंद आणि लाल, पदर लाल आणि त्यात पांढरी नक्षी. साडीची घडी त्यांनी स्वतःच उलगडली.

“सुनेची पहिली संक्रांत. ह्याच्यावर कसुती भरून पाहिजे. पदराजवळ रथ, गोपूर, तुळशीवृंदावन. मग अंबारीचा हत्ती. तिथनं लहान होत होत कमळं, पोपट, चांदण्या. करशील नव्हे?”

“करते की काकू. त्यात काय.”

काकूंनी नमुना मागितला. शालिनीबाईंनी काळ्या कापडाच्या रुमालाएवढ्या तुकड्यावर पिवळ्या कार्बननं वृंदावन छापलं, रिंगेत ताणलं आणि दुसऱ्या दिवशी भरून हातात दिलं. देखणं होतं. काकूंनी ते सुलट बाजूनं पाहिलंच नाही. हातात घेतलं, पालथं केलं. तिथं गाठी होत्या, आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारलेले आडवे-तिरके दोरे.

“हे कसुती नव्हे गे. हे तू छापलंस.” काकूंनी तुकडा परत दिला. “धारवाडात गंगव्वा म्हणून आहे. तिच्याकडनं शिकून ये, नाहीतर साडी दे माझी परत.”

आता कसुतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडं पुष्कळांनी ती पाहिलेली असते आणि उलटून थोड्यांनीच पाहिलेली असते. हे धारवाडकडचं भरतकाम. चंद्रकळेवर, इरकलीवर, खणाच्या चोळीवर कृष्णेच्या दोन्ही अंगांच्या बायकांनी ते मिरवलं. टाके चारच. गवंती म्हणजे जाऊन परत येणारी सरळ रेघ. मुर्गी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी. नेय्गी लांब-आखूड धावदोऱ्यांची, दुरून बघितली तर मागावरच विणली असं वाटायला लावणारी. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, रथ-गोपुरांसारख्या जड आकृत्या भरायला. कापडावर आधी काही काढायचं नाही, छापायचं नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि मोजत जायचं. गाठ मारायची नाही. आणि गवंती-मुर्गीची अट अशी की कापडाला उलट बाजू उरताच कामा नये, दोन्हीकडून तेच चित्र दिसलं पाहिजे.

गंमत म्हणजे नेमका हाच जाऊन-येऊन भरायचा टाका सोळाव्या शतकात युरोपात बड्या लोकांच्या कफांवर आणि गळपट्ट्यांवर होता. हान्स होल्बाइन नावाच्या चित्रकारानं तो आपल्या व्यक्तिचित्रांत इतका बारकाईनं रंगवला की पुढं टाक्यालाच त्याचं नाव पडलं. कफ भरणाऱ्या बायांचं नाव पडलं नाही. धारवाडात निदान कुणाचंच पडलं नाही, हे मला जास्त न्यायाचं वाटतं.

तर शालिनीबाई दुकान बंद असायचं त्या दिवशी सकाळच्या मोटारीनं धारवाडला गेल्या. गंगव्वाचं घर जुन्या वळणाचं, पुढं सोपा, सोप्यावर चटई, चटईवर चार-पाच मुली. म्हातारी काही शाळेत गेलेली नव्हती, पण तिच्या ट्रंकेत सासूच्या सासूनं भरलेल्या चंद्रकळेचा एक पदर होता. त्याचे दोरेही विकतचे नव्हते; रेशमी पदराच्या दशा ओढून काढलेल्या. शालिनीबाईंनी आपलं दुकान, आपले मोर, आपली माडीवरची शाळा, सगळं सांगून टाकलं. गंगव्वानं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात मॅटीचा तुकडा दिला, शाळेतल्या मुलींना देतात तसला, धागे डोळ्यांनी मोजता येणारा.

शालिनीबाईंनी सवयीनं दोऱ्याला गाठ मारली. गंगव्वानं दोरा त्यांच्या हातून घेतला, गाठ दातानं तोडली आणि परत दिला.

“आमच्यात गाठ नाही, बाई.”

“मग दोरा ओढून नाही का यायचा, अव्वा?”

“शेपूट जरा ठेव. ज्या वाटेनं जायचं तिथंच दोन बारीक टाक्यात दाब. वरनं टाके येतात, झाकून जातंय.”

पहिले धडे सरळ रेघेचे. चार धाग्यांवरून वरून जायचं, चार धाग्यांखालून खालून. ओंदु, येरडु, मूरु, नाकु. रेघेच्या टोकाला पोचलं की कापडावर तुटक रेघ दिसते, भरलेला टाका, रिकामी जागा, भरलेला टाका, रिकामी जागा. मग फिरायचं आणि त्याच भोकांतून परत यायचं. जाताना जिथं सुई खालून गेली तिथं येताना ती वरून येते आणि रिकाम्या जागा भरतात. त्याच वेळी खालच्या बाजूच्याही भरतात. शालिनीबाईंना हे एका दुपारी जमलं. दुसऱ्या खेपेला मुर्गीच्या पायऱ्याही जमल्या. बोटं तयारच होती त्यांची. जमत नव्हतं ते एवढंच, की अर्धी तुटक रेघ मागं ठेवून पुढं जायचा त्यांना राग यायचा. एखादी गोष्ट हातात घेतली की ती तिथल्या तिथं पुरी दिसली पाहिजे अशी दुकानाची सवय. पुढच्या बाजूला टाका नसला की त्यांना काम अडल्यासारखं वाटे.

मग गंगव्वानं चौकोन दिला.

दिसायला चौकोनाइतकं सोपं काही नाही. चार बाजू, बाजूला एक टाका. सुई खालून वर काढली, पहिल्या बाजूवरून नेऊन खाली घातली. दुसरी बाजू कापडाखालून. तिसरी वरून. चौथी खालून. निघाली तिथंच सुई येऊन पोचली. वर पाहिलं तर समोरासमोरच्या दोन बाजू भरलेल्या, दोन रिकाम्या. शालिनीबाईंना वाटलं, झालं, आणखी एक फेरी मारली की राहिलेल्या दोन भरतील. त्या तशाच पुढं निघाल्या. पहिली बाजू पुन्हा वरून गेली. दुसरी पुन्हा खालून. फेरी पुरी झाली. भरलेल्या दोन बाजूंवर दोरा दुहेरी झाला होता आणि रिकाम्या होत्या तशाच रिकाम्या. हात चुकला असेल म्हणून त्यांनी तिसरी फेरी मारली. मग मोठा चौकोन घेतला, बाजूला तीन तीन टाक्यांचा, आणि त्याला फेऱ्या घातल्या. तेच. जिथं होतं तिथं जाड जाड होत चाललं, नव्हतं तिथं कापडाचं काळं तेवढं दिसत राहिलं.

गंगव्वा शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं. बोलली नाही. मुली मान खाली घालून हसत होत्या, कारण प्रत्येकीनं कधी ना कधी हे केलेलं होतं.

“अव्वा, माझं कुठं चुकूलालंय?”

“टाका चुकला नाही. भरलेलंच भरूलालीस.”

“मग रिकामं कसं भरायचं?”

“निघालीस तिथं आलीस की थांब. तोंड फिरव. आलीस त्याच वाटेनं माघारी जा.”

“पण पोचायचं तर तिथंच आहे की. इकडनं गेलं काय नि तिकडनं गेलं काय.”

“जाऊन बघ,” गंगव्वा म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडं वळली.

शालिनीबाईंनी नवा लहान चौकोन घेतला, एक फेरी मारली आणि उलट फिरल्या. चौथी बाजू, जी खालून आली होती, ती आता वरून गेली. तिसरी खालून. दुसरी वरून. पहिली खालून. चौकोन मिटला. पालथा केला, तिकडंही मिटलेला. यात जादू काही नाही, हिशेब आहे. आडव्या-उभ्या रेघांच्या बंद आकृतीत टाके नेहमी समसंख्येचेच पडतात, म्हणून त्याच दिशेनं कितीही प्रदक्षिणा घातल्या तरी सुई पूर्वी जिथं वर होती तिथंच पुन्हा वर असते. दिशा बदलली तरच वरचं खाली आणि खालचं वर होतं. गंगव्वाला समसंख्या-विषमसंख्या माहीत नव्हतं. तिला हे माहीत होतं.

त्या संध्याकाळी मोटारीत शालिनीबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवीत मॅटीचा तुकडा होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि त्या तीन फेऱ्यांच्या पहिल्या चौकोनाकडं बघत बसल्या. तो त्यांनी उसवला नव्हता.

इथं कुसुमअक्काची गोष्ट सांगितली पाहिजे. शालिनीबाई ती कुणाला सांगत नसत.

कुसुमअक्का त्यांची थोरली नणंद. तिचा नवरा हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात होता. त्यानं हप्त्यानं तिला शिलाईचं मशीन घेऊन दिलं, आणि हप्ते फिटायच्या आधी तापानं गेला. राहिलेले हप्ते अक्कानं शिवण करून फेडले आणि मशीन घेऊन ती बेळगावला माहेरी आली. शालिनी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला साधी काजं करता येत नव्हती. अक्कानं शिकवलं. मापं घेणं, कापड बेतणं, तिरपी पट्टी काढणं, बिघडलेल्या मशीनचा आवाज ऐकून कुठं तेल कमी आहे ते ओळखणं. दोघींनी खडेबाजारात जागा घेतली तेव्हा अक्काचं मशीन ‘थोडे दिवस’ म्हणून दुकानात गेलं. पाटीवर दोघींची नावं होती.

पुढं गिऱ्हाईक वाढलं. दिवाळीला पाटी नव्यानं रंगवली, आणि रंगाऱ्याला जागा पुरत नाही म्हणून एकच नाव राहिलं. असं शालिनीबाईंनी सांगितलं. रंगाऱ्याला कुणी विचारलं नाही. मग एक दिवस अक्कानं पैशाचा हिशेब मागितला तेव्हा दुकानात देसाईकाकू ब्लाउज घालून बघत होत्या आणि शालिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, “अक्का, तुम्हाला आमच्या घरी दोन वेळचं जेवण मिळतंय, तेवढं पुरे नव्हे?” कुसुमअक्का तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन निपाणीला दिराकडं निघून गेली. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे शालिनीबाईंचे यजमान, त्या तीन दिवसांत दोघींच्या मधे बसून जेवले आणि प्रत्येक वेळी हात धुऊन उठले. वर्षभरानं एक पोस्टकार्ड आलं, शेजारच्या पोराच्या अक्षरातलं. मशीन तेवढं लावून दे, दुसरं काही मागत नाही, असं. शालिनीबाईंनी ते वाचलं, बटणांच्या डब्यात ठेवलं आणि त्याच वर्षी एका गरीब मुलीला नवं मशीन घेऊन दिलं. पुढं दुसरीला. मग मंडळाला.

दानाला नावं ठेवायचा माझा विचार नाही. त्या मुलींची पोटं त्या मशीनांवर भरली, हे खरंच आहे. पण शालिनीबाईंनी धारवाडच्या मोटारीत बसून जो हिशेब केला तो त्या मुलींचा नव्हता.

पुढच्या काही खेपांत त्या वृंदावनापर्यंत आल्या. वृंदावनाला फांद्या असतात आणि फांद्यांची रीत वेगळी. मधल्या रेघेवरून वर जाताना फाटा लागला की आधी त्या फाट्याच्या टोकाला जायचं, परत फाट्याशी यायचं, मगच पुढं. ‘परतताना करीन’ म्हणून फाटा सोडला तर सोडलेला कुठला ते पुढं आठवत नाही, नि मग दोरा कापून पुन्हा मधूनच सुरुवात करावी लागते. गंगव्वा म्हणायची, “निधान, निधान.” सावकाश. शालिनीबाईंचा वेग दर खेपेला कमी होत गेला, आणि इरकलीच्या बारीक धाग्यांवर हात टाकायची परवानगी म्हातारीनं दिली तेव्हा त्यांना एका चांदणीला सकाळ लागत होती. दुकानात बसून त्या पूर्वी याच वेळात एक मोर उरकत.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी दुकानातलं जुनं मशीन लोखंडी पायांवरून उतरवलं. वरचा भाग पोत्यात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि निपाणीच्या मोटारीत पायांशी घेऊन बसल्या. यजमानांनी विचारलं, कुठं? म्हणाल्या, दुरुस्तीला. संकेश्वर गेलं, निपाणी आली. तंबाखूचा वास स्टँडवरच सुरू झाला.

कुसुमअक्का दाराशी उजेडाला बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला मापानं कापलेली टेंभुर्णीची पानं. हजारावर मजुरी, त्यामुळं हात थांबवायची सोय नव्हती. तिनं वर बघितलं आणि हात चालूच ठेवले.

“काय घेऊन आलीस?”

“तुमचं मशीन, अक्का.”

“का?”

शालिनीबाईंनी वाटेत खूप काही ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. “तुमचंच हाय ते,” एवढंच म्हणाल्या.

“ते मला ठाऊक आहे. परत घेऊन जा.”

“अक्का...”

“मी कार्ड घातलेलं. पोचलं होतं नव्हे?” विडी वळून झाली होती; अक्कानं तिला दोरा बांधला आणि ती ढिगात टाकली. “पोराला लाडू देऊन लिहून घेतलेलं. त्याचं उत्तर कुठाय?”

“आता आले की मी.”

“येणं निराळं. कार्डाचं उत्तर कार्डानं द्यायचं. आणि देसाईणीपुढं बोललीस ते काय इथं माझ्या दारात येऊन परत घेतेस? तिच्यापुढं बोललीस, तिच्यापुढं परत घे. पाटीवरनं नाव काढलंस, ते बाजारानं बघितलंय. हे सगळं सोडून मशीन तेवढं आणून आदळूलालीस. म्हणजे काय, मशीनसाठी रुसलेले मी?”

शालिनीबाई उभ्याच होत्या. पोत्याची सुतळी बोटाला काचली होती. पदराखाली त्यांची बोटं नकळत मोजत होती, नाकु, मूरु, येरडु, ओंदु. कार्ड, देसाईकाकू, पाटी, मशीन. जाताना ज्या क्रमानं गेल्या होत्या त्याच्या उलट. त्या पुढूनच सुरू करायला निघाल्या होत्या.

अक्कानं पाणी दिलं. जेवायला थांब म्हणाली नाही. मशीन पुन्हा पायांशी घेऊन शालिनीबाई संध्याकाळच्या मोटारीनं बेळगावला आल्या, आणि यजमानांना सांगितलं, दुरुस्तीवाला म्हणाला, अजून वेळ आहे.

पोस्टकार्डाला चार रात्री लागल्या. शेवटी तीनच ओळी झाल्या. तुमचं कार्ड त्या वर्षी मिळालं होतं. वाचलं होतं. उत्तर दिलं नाही. बहाणा एकही लिहिला नाही. दोन लिहून खोडले होते, म्हणून कार्ड बदलावं लागलं.

देसाईकाकू साडी कुठवर आली ते बघायला आल्या त्या दिवशी दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. शालिनीबाईंनी ती जायची वाट पाहिली नाही. टेप गळ्यातून काढून खाली ठेवला आणि सांगितलं, की दहा वर्षांमागं तुमच्यापुढं मी अक्कांना जेवणावरून बोलले होते, ते खोटं होतं. जेवण त्यांच्या मशीनवर चालत होतं. आमचं सगळ्यांचं.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला तेव्हाही कळलेलं गे. मी तरी काय बोलले? ब्लाउज घेतला नि गेले. पुढच्या महिन्यात दुसरा टाकायला आलेच की इथं.” आणि लगेच, जरा चिडूनच, “हत्तीची सोंड कधी पुरी करणार?”

पाटीचं काम सगळ्यात सोपं असेल असं वाटलं होतं, तेच सगळ्यात अवघड निघालं. एकदा बोललेलं लोक विसरतात, पाटी रोज दिसते. येणारा-जाणारा विचारू लागला, ही कुसुम कोण, भागीदार घेतली काय? बटणं लावणारी पोरगीही विचारू लागली. प्रत्येकाला सांगावं लागलं, ही आधीपासूनचीच. रंगाऱ्यानं अक्काचं नाव खाली लहान अक्षरांत घालू का म्हणून विचारलं होतं. शालिनीबाईंनी वर घालायला लावलं. यजमान दुकानापुढं उभे राहून पाटी दोनदा वाचून गेले. त्या रात्री ते जेवताना पहिल्यांदा बहिणीबद्दल बोलले. फार नाही, तिला लहानपणी आंबील आवडायची, एवढंच.

साडी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पुरी झाली. काकूंनी पदर पालथा केला, चष्मा लावून बोटानं एकेक रेघ तपासली. मेंथीचा रथ सोडला, तर सुलट कुठली नि उलट कुठली हे सांगता येत नव्हतं. ठरलेले पैसे दिले, वर काही दिलं नाही, आणि साडी घेऊन गेल्या. गल्ल्यावरचा फोटो मधल्या काळात केव्हातरी माडीवर गेला होता.

जानेवारी सरता सरता निपाणीहून कार्ड आलं. या वेळचं अक्षर मुलीचं होतं, गोल गोल.

“चि. सौ. शालिनीस अनेक आशीर्वाद. कार्ड पोचलं. पाटीचं इकडं येणाऱ्या एकानं सांगितलं. देसाईण स्वतः तिळगूळ घेऊन येऊन गेली, तिनंही सांगितलं. मशीनला तेल घालून ठेव, तसंच पडलं तर गंजतं. मी येणार नाही. मला आता बारीक दिसत नाही आणि इथली मजुरी बुडते. हे कार्ड लिहिणारी माझी पुतणी मंगल, हिला पाठवते. सहा महिने शिकू दे. चांगली शिकली तर जाताना मशीन तिच्याबरोबर लावून दे, आधी नको. तुझ्या माडीवर फुकट शिकवतेस असं ऐकलं. फुकट शिकवणार असशील तर पाठवत नाही. फी काय ते उलट टपालानं कळव.”

माडीवरच्या वर्गाला फी नव्हतीच, त्यामुळं काय आकडा लिहावा हे शालिनीबाईंना सुचेना. त्यांनी बटणं लावणाऱ्या पोरीला बाजारातल्या दुसऱ्या शिवणवर्गात पाठवून तिथला दर विचारून आणायला सांगितलं. पोरगी परत आली तसा तोच आकडा त्यांनी कार्डावर घातला, एक रुपयासुद्धा कमी केला नाही, आणि खाली लिहिलं: पहिल्या महिन्याची फी आगाऊ द्यावी लागेल.